ऊस कमी करून दुसरं काय? पुणे जिल्ह्यातून वारंवार येणारे प्रश्न

बारामती, इंदापूर, दौंड, शिरूर, पुरंदर, जुन्नर. या तालुक्यांतून फोनवर, शिवारफेरीत आणि मार्केट यार्डात गाडी खाली करताना जे प्रश्न आम्हाला सतत विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ऊस चांगला चाललाय. मग दुसरं पीक कशाला?

ऊस सगळा मोडा असं आम्ही कोणालाच सांगत नाही. गारपीट झाली तरी ऊस उभा राहतो, पंधरा दिवस दुर्लक्ष झालं तरी माफ करतो आणि त्याच्या दराला कायद्याचा आधार आहे. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के साखर उताऱ्यासाठी एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा किमान दर, क्विंटलला ३५५ रुपये ठरली. ऊस गेल्यावर १४ दिवसांत पैसे द्यावेत, उशीर झाला तर १५ टक्के व्याज द्यावं, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. मेथीच्या जुडीला असं संरक्षण कोणी दिलेलं नाही.

पण हिशेब महिन्यावर आणून बघा. समजा एकरी ५० टन आडसाली, म्हणजे जुलै-ऑगस्टच्या लागणीचा ऊस निघाला आणि तोडणी-वाहतूक वजा जाऊन टनाला २,८०० रुपये हातात आले. झाले १,४०,०००. लागवड, खतं, मजुरी मिळून ६०,००० गेले. उरले ८०,०००. लागणीपासून तोडीपर्यंत सतरा महिने धरले तर महिन्याला ४,७०० रुपये. तुमचे आकडे घालून हा हिशेब एकदा कागदावर मांडाच. त्यात पाण्याची किंमत धरलेली नाही. वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या बारामती-इंदापूर पट्ट्यात आपण दोन ते अडीच हजार मिलिमीटर पाणी मागणारं पीक घेतो. धरण भरलं नाही की हे गणित एका उन्हाळ्यात उलटतं.

उसाची खरी ताकद पैशापेक्षा खात्रीत आहे. त्यामुळे नवीन पीक निवडताना "एकरी किती मिळतील" याआधी "किती खात्रीने मिळतील" हे विचारायचं. खालची सगळी उत्तरं याच अंगाने दिली आहेत.

२. सुरुवात किती क्षेत्रावर करू?

दहा ते वीस गुंठे. एवढं सगळं बुडालं तरी घरातला किराणा आणि बँकेचा हप्ता थांबू नये, हे माप. पहिल्याच वर्षी दोन एकर ऊस मोडून ढोबळी मिरचीचं शेडनेट उभारणारे भेटतात. त्यातले निम्मे तरी तिसऱ्या वर्षी पुन्हा उसाची नोंद करायला जातात. पीक वाईट नसतं. शिकायला मिळालेलं रान फार मोठं असतं आणि चूक पूर्ण क्षेत्रावर होते.

३. ऊस ठेवूनच दुसरं काही घेता येईल का?

येईल, आणि आमच्या मते हीच पहिली पायरी. लागणीनंतर पहिले तीन-चार महिने ऊस हळू वाढतो आणि सरीमधली जागा रिकामी असते. पट्टा पद्धतीने किंवा पाच फुटी सरी सोडून लावलात तर आडसालीत भुईमूग किंवा सोयाबीन, पूर्वहंगामीत (ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या लागणीत) कांदा, लसूण, कोबी, फ्लॉवर, वाटाणा, हरभरा बसतो. उसाचं कॅलेंडर जराही न हलवता चार महिन्यांत हातात पैसे येतात आणि भाजीच्या बाजाराची ओळख होते.

आंतरपीक घेणार असाल तर तणनाशक कोणतं मारताय ते आधी बघा (प्रश्न ४). आणि आंतरपिकाला खत वेगळं द्या. उसाच्या ताटातलं वाढलं तर दोघंही उपाशी राहतात.

४. ऊस तुटला. त्याच रानात लगेच भाजी लावू का?

थोडं थांबा. इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं आणि दोष मात्र रोपवाटिकेवर जातो.

पहिली गोष्ट तणनाशकाची. उसात अॅट्राझीन किंवा मेट्रीब्युझीन मारलेलं असेल तर त्याचा अंश जमिनीत राहतो. उसाला, मक्याला अॅट्राझीन चालतं. कांदा, काकडी, पालेभाज्या, कडधान्यं त्याने पिवळी पडून बसतात. तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. रानात पाच-सहा ठिकाणची वरची चार बोटं माती घ्या, मिसळून एका ट्रेमध्ये भरा. शेजारी दुसऱ्या ट्रेमध्ये बांधावरची, कधीच तणनाशक न मारलेली माती. दोन्हींत मेथी आणि काकडीचं बी टाका आणि पंधरा-वीस दिवस पाणी देत राहा. अंश असेल तर रानातल्या मातीतली रोपं उगवतात, पहिली पानं काढतात, आणि मग कडेने पिवळी होत वाळतात. तसं दिसलं तर एक हंगाम मका किंवा ज्वारी घ्या.

दुसरी गोष्ट हुमणी. खोडवा मोडताना नांगरामागे चालत जा. पांढऱ्या, इंग्रजी 'सी'सारख्या वळलेल्या अळ्या दिसल्या तर भुईमूग आणि रताळ्याचा विचार सोडा. वळवाचा पहिला पाऊस पडला की संध्याकाळी भुंगेरे कडुलिंबावर, बाभळीवर जमतात. तेव्हा फांद्या हलवून गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. हे काम एकट्याने उपयोगाचं नाही, सगळ्या वाडीने एकाच आठवड्यात करायला हवं.

तिसरी गोष्ट पाचट. जाळू नका. एकरी तीन-चार टन पाचट निघतं. त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट आणि जिवाणू खत टाकून कुजवलं तर भाजीला हवी तशी भुसभुशीत जमीन तयार होते.

५. आमच्या भागात कोणतं पीक चालेल?

याचं एका ओळीत उत्तर फोनवर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आमच्यावरही नको. पाणी किती महिने आहे, घरात कामाला किती हात आहेत आणि गाडी कोणत्या बाजाराला किती वेळात पोचते, हे तीन प्रश्न आधी. तरीही आपल्याच जिल्ह्याने पिढ्यान्‌पिढ्या शोधून ठेवलेली उत्तरं समोर आहेत: नारायणगावचा टोमॅटो, मंचरचा बटाटा आणि तरकारी, चाकणचा कांदा, यवतच्या बाजूची शेवंती, मावळातला पॉलिहाऊसचा गुलाब, मुळशीचा आंबेमोहोर.

यात पुरंदर तालुक्याकडे जरा नीट बघण्यासारखं आहे. पाणी कमी, जमीन माळाची, तरी तिथे अंजीर आणि सीताफळ उभं राहिलं. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अंजिराचे दोन बहार असतात. पावसाळ्याच्या तोंडावर छाटणी करून धरलेला खट्टा बहार हिवाळ्यात निघतो. पाऊस संपताना धरलेल्या मीठा बहाराची फळं फेब्रुवारीनंतर सुरू होतात. ज्याला पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरत नाही त्याने मीठा बहाराच्या नादी लागू नये. पावसाळी हवेत तांबेरा येतो, त्याच्या फवारण्या चुकवून चालत नाही. आणि अंजीर थांबत नाही. तोडणी अंधारात सुरू होते, देठातून चीक येतो, त्याने बोटं सोलवटतात. फळ देठाजवळ हलकं वाकवून घ्यायचं, पाटीत पानं अंथरून एकेक ठेवायचं, आणि ते त्याच दिवशी बाजारात पोचलं पाहिजे. घरात पहाटे उठणारी दोन माणसं नसतील तर अंजीर लावू नका. सीताफळ त्या मानाने सोशीक आहे. जाधववाडीच्या संशोधन केंद्राने दिलेलं 'फुले पुरंदर' वाण तिथे जाऊन बघता येतं.

फळबागेला पहिली दोन-तीन वर्षं उत्पन्न नसतं. त्या काळात ओळींमध्ये हरभरा, वाटाणा, झेंडू घ्या आणि उसाचं थोडं क्षेत्र राहू द्या. लागवडीसाठी भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजना आहे. ठिबकला लहान शेतकऱ्यांना ८० टक्के आणि इतरांना ७५ टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. अर्ज महाडीबीटीवर करायचा आणि पूर्वसंमती मिळाल्याशिवाय खरेदी करायची नाही.

६. माल गुलटेकडीला, पुण्याच्या मार्केट यार्डात पाठवू की नारायणगाव, मंचर, सासवडला देऊ?

दोन्हींची पट्टी, म्हणजे आडत्याने दिलेला विक्रीचा हिशेब, महिनाभर शेजारी ठेवून बघा. गुलटेकडीत दर जास्त दिसतो, पण भाडं, हमाली, तोलाई आणि वाटेतली नासधूस वजा करून किलोला हातात काय पडलं ते लिहा. कित्येकदा जवळच्या बाजाराचा कमी दर परवडतो.

गुलटेकडीचा फळ-भाजी बाजार शनिवारी बंद असतो आणि रविवारी आवक फुगते. मी हे न समजता एकदा तीस गुंठे कोबी एकाच दिवशी लावला. सगळे गड्डे एकाच आठवड्यात तयार झाले आणि सगळी गाडी रविवारी पोचली. आठ दिवसांनी पट्टी आली. मालाची रक्कम वर, त्याखाली भाडं, हमाली, आणि सगळ्यात शेवटी बाकी: वजा तीनशे चाळीस रुपये. चार महिने राबून वर पैसे द्यायचे होते. तो कागद मी अजून फाईलला लावून ठेवला आहे. त्यानंतर कोबी दर दहा दिवसांनी पाच गुंठे असाच लावला.

झेंडूचं उलट असतं. तो दसऱ्याच्या दोन दिवस आधी आला पाहिजे, चार दिवसांनंतर त्याला कोणी हात लावत नाही. म्हणून तिथे लावणीची तारीख दसऱ्यापासून मागे मोजायची.

७. आडत (आडत्याची दलाली) आमच्या पट्टीतून कापतात. बरोबर आहे का?

नाही. फळं, भाज्या, कांदा-बटाट्याची आडत २०१६ पासून खरेदीदाराकडून घ्यायची आहे. पट्टीवर ती 'इतर खर्च' किंवा 'कडता' अशा नावाने दिसली तर पट्टीसह बाजार समितीकडे लेखी तक्रार करा. पक्की पट्टी मागायला लाजू नका.

८. पुण्यातल्या सोसायट्यांना थेट विकायचं आहे. परवाना लागतो का?

फळं आणि भाजीपाला २०१६ मध्ये बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला. त्यामुळे तुमचा माल तुम्ही कोथरूडला नाहीतर हडपसरला थेट विकू शकता. पणन मंडळाच्या शेतकरी आठवडे बाजारातही गट म्हणून जागा मागता येते.

अवघड भाग पुढे आहे. सोसायटीतल्या ताईंना दर आठवड्याला बारा-पंधरा प्रकारची भाजी हवी असते, तुमच्याकडे असतात दोन. म्हणून चार-पाच घरांनी पिकं वाटून घ्यावीत: एकाने पालेभाज्या, एकाने फळभाज्या, एकाने कांदा-बटाटा-लसूण. दोन आठवडे गाडी आली नाही तर गिऱ्हाईक परत येत नाही. दुधाच्या रतिबासारखं सांभाळावं लागतं.

९. दोन गाई घेतल्या तर घरखर्च निघेल का?

निघू शकतो, पण चारा स्वतःचा असेल तरच. दुधाच्या खर्चात साठ-सत्तर टक्के वाटा वैरण आणि पेंडीचा असतो. एका गाईला रोज वीस-पंचवीस किलो हिरवा चारा धरा. नीट पाणी मिळालेलं पाच-सहा गुंठे नेपियर गवत एका गाईचं भागवतं. त्याच्या जोडीला घास किंवा चवळीसारखी द्विदल वैरण आणि कडबा हवाच.

आपल्याकडे तोडीच्या हंगामात फुकट मिळतात म्हणून चार महिने नुसतं वाढ्यांवर (उसाच्या हिरव्या शेंड्यांवर) काढतात. वाढ्यांत ऑक्झॅलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. मग गाय माजावर येत नाही, व्यायल्यावर बसते, आणि फॅट लागत नाही म्हणून डेअरीत भांडण. वाढे द्या, पण कुट्टी करून, इतर चाऱ्यात मिसळून, आणि क्षार मिश्रण रोज.

मुरघास, म्हणजे हवाबंद आंबवून साठवलेला हिरवा चारा, शिकून घ्या. मक्याचं दाणं नखाने दाबल्यावर निम्मं दूध, निम्मं पीठ अशा अवस्थेत कापणी, अर्धा-पाऊण इंचाची कुट्टी. मूठभर घेऊन घट्ट दाबा. मूठ उघडल्यावर गोळा हळूहळू सुटला आणि हाताला फक्त ओल लागली तर बरोबर. पाणी टपकलं तर मका अजून कोवळा आहे. पिशवीत किंवा खड्ड्यात थर दाबत हवा काढायची आणि पंचेचाळीस दिवस उघडायचं नाही. चांगल्या मुरघासाला आंबटगोड वास येतो. काळी बुरशी दिसली तर तेवढा भाग फेकून द्या, जनावराला घालू नका.

दोन्ही गाई एकाच महिन्यात विणाऱ्या घेऊ नका, एकदमच भाकड होतील. पाच-सहा महिन्यांचं अंतर ठेवा. पैदाशीचं आणि चाऱ्याचं काम बघायला उरुळी कांचनला बाएफमध्ये जाऊन या. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये सुरू केलेली ही संस्था आजही शेतकऱ्याला उपयोगी पडते.

१०. शेळ्या सोप्या का?

भांडवल कमी लागतं, इतकंच सोपं. उस्मानाबादी किंवा संगमनेरी घ्या, दहा शेळ्या आणि एक बोकड इथून सुरुवात करा. पीपीआर या साथीच्या रोगाची लस आणि पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस चुकवू नका. सगळा कळप एका आठवड्यात गेलेला आम्ही पाहिला आहे, आणि कारण एवढंच होतं.

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूरमध्ये बिबट्याचा विचार पहिला. त्याला उसात लपायला जागा मिळते. गोठ्याला चारही बाजूंनी आणि वरूनही मजबूत जाळी हवी. नुसती भिंत तो ओलांडतो. हल्ला झालाच तर लगेच वनविभागाला कळवा आणि पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर हलवू नका, नाहीतर भरपाई अडकते.

११. रेशीम शेती इथे चालते का?

चालते. तुतीला उसापेक्षा खूप कमी पाणी लागतं, वर्षात चार-पाच बॅचेस निघतात आणि बारामती बाजार समितीत कोष विकता येतात. चॉकी (केंद्रात थोड्या वाढवलेल्या अळ्या) आणून घेतली तर कीटक तुमच्या शेडमध्ये तीन आठवड्यांच्या आतबाहेरच असतात. पण शेजाऱ्याने फवारणी केली आणि वारा तुतीकडे वळला, तर बॅच गेली. शेड बांधण्याआधी बांधाला बांध लागलेल्या सगळ्यांशी बोला.

१२. रोपं देतात, माल हमीभावाने परत घेतो म्हणतात. पैसे भरू का?

भरू नका. इमू आला, सफेद मुसळी आली, कडकनाथ आला. दर वेळी पैसा रोपं, पिल्लं विकणाऱ्याने मिळवला, कारण शेवटचं गिऱ्हाईक कुठे आहे ते कोणी विचारलं नाही. एकच प्रश्न विचारा: हा माल आज पुण्यात रोज कोण विकत घेतो, त्याच्या दुकानाचा पत्ता द्या.

ड्रॅगन फ्रूटबद्दल विचारणा फार होते. ते खोटं पीक नाही. माळेगावच्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने खडकाळ माळावर ते घेऊन दाखवलं आहे. पण खांब, रिंग, रोपं यांचा पहिला खर्च मोठा आहे आणि लागवड वाढते तसा दर उतरतो. प्रश्न २ मधलं माप इथेही लावा.

१३. पीककर्ज उसावर आहे. ऊस कमी केला तर?

उसावरच्या कर्जाची वसुली बिलातून परस्पर होते, तुम्हाला आठवण ठेवावी लागत नाही. भाजी, दुधात ती सोय नाही. म्हणून आधी गावच्या विकास सोसायटीच्या सचिवांना सांगून पुढच्या हंगामाला पीक बदलून कर्ज मागा. प्रत्येक पिकाची एकरी कर्जमर्यादा वेगळी असते. तीन लाखांपर्यंत वेळेत फेड केली तर राज्यात व्याज शून्य पडतं, ती तारीख हुकू देऊ नका. पीक बदललं की ई-पीक पाहणीत नवीन पीक नोंदवा. सातबाऱ्यावर ऊस आणि रानात कांदा असेल तर नुकसानीच्या वेळी कोणी ऐकत नाही.

१४. कारखान्याचं सभासदत्व जाईल का?

हे कारखान्याच्या उपविधींवर ठरतं. किती वर्षांत किमान किती ऊस घालायचा ते त्यात लिहिलेलं असतं. उपविधींची प्रत मागा, तो तुमचा हक्क आहे. बहुतेकांना थोडं क्षेत्र उसाखाली ठेवून दोन्ही साधता येतं. या हंगामाची नोंद किंवा करार झाला असेल तर तो ऊस आधी घाला, मग बदल करा.

१५. आम्ही पंधराजण आहोत. शेतकरी कंपनी काढू?

कायद्याने दहा उत्पादक कंपनी काढू शकतात. पण केंद्राच्या दहा हजार एफपीओ (शेतकरी उत्पादक संस्था) योजनेतली मदत सपाट भागात तीनशे सभासदांपासून सुरू होते. आणि कंपनी म्हणजे दरवर्षी लेखापरीक्षण, विवरणपत्रं, सीएची फी. आधी गट म्हणून एक वर्ष एकत्र गाडी भरा, एकत्र खत आणा. पट्टीवरून भांडण न होता वर्ष निघालं तर कंपनीचं बोलू.

१६. जमीन खारवट झाली आहे, पांढरी फुटते. तिथे काय घेऊ?

नीरा डावा कालवा १८८५ पासून वाहतोय. त्याच्या लाभक्षेत्रातल्या बऱ्याच रानांची हीच तक्रार आहे. आधी माती तपासा, कारण क्षारयुक्त आणि चोपण (सोडियम वाढून घट्ट झालेली) या दोन जमिनींचे उपाय वेगळे आहेत. चोपणला जिप्सम लागतो. क्षारयुक्तला चर किंवा सच्छिद्र पाइप टाकून निचरा काढून द्यावा लागतो. निचरा नसताना जिप्सम टाकणं म्हणजे पैसे मातीत घालणं. ताग किंवा धैंचा गाडून मग गहू, बीट, पालक घेऊन बघा. घेवडा, कांदा, गाजर तिथे तग धरत नाहीत.

१७. आमचे पाहुणे निपाणीकडे तंबाखू करतात. त्यांना हे लागू होतं का?

काही भाग. तंबाखू सोडून दुसऱ्या पिकांकडे वळण्यासाठी केंद्राचा पीक विविधीकरण कार्यक्रम २०१५-१६ पासून दहा राज्यांत आहे. त्यात महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्ही आहेत, त्यामुळे पाहुण्यांनी आपल्या तालुक्याच्या कृषी कार्यालयात चौकशी करावी. फरक पाण्याचा आहे. बिडीचा तंबाखू काळ्या रानात ओलीवर येतो. म्हणून तिथे सोयाबीन, भुईमूग, ज्वारी, हरभरा, मिरची यांचा विचार आधी व्हावा, बागायती भाजीचा नंतर. दुभत्या जनावरांचं आणि बाजाराचं गणित मात्र तेच.

एक धोका सांगायलाच हवा: तंबाखूच्या रानाला लागून तुती लावू नये. निकोटीनचा अंश पानावर आला तरी रेशीमकीटक मरतात.

१८. कालव्याचं पाणी लांबलं तर भाजी वाळेल. काय करू?

ऊस एक आवर्तन हुकलं तरी तगतो, भाजी तगत नाही. विहीर किंवा शेततळं नसेल तर उन्हाळी भाजी घेऊच नका. खरीप-रब्बीत भाजी आणि उन्हाळ्यात रान तापू द्या, किंवा तेवढ्या काळाला चाऱ्याचा मका. चारही बाजूंनी शेजाऱ्याचा ऊस असेल तर बांधालगतचे सहा-सात फूट सोडून लावा. सावली पडते, त्यांच्या पाटाचं पाणी झिरपतं, आणि उंदीर तिथूनच येतात.

१९. वडील ऊस सोडायला तयार नाहीत. कसं समजावू?

समजावू नका. त्यांनी दुष्काळात उसाच्या बिलावर घर बांधलेलं असतं, तुमच्या बहिणीचं लग्न केलेलं असतं. त्यांच्या उसाला हात न लावता विहिरीजवळचे दहा गुंठे मागून घ्या. एक वही करा. बियाणं, मजुरी, भाडं, पट्टी, सगळं तारखेसह लिहा, तोटा झाला तोही. वर्षाने उसाचं बिल जमा होईल त्या दिवशी ती वही त्यांच्यासमोर ठेवा आणि गुंठ्याला किती पडलं ते त्यांनाच काढू द्या.